द्वारपालाचा निवाडा

...आणि वर तोंड करून लोक मलाच विचारतात, काय मिळतं हो त्या गेममध्ये? अरे, मला काय विचारता? मी खेळतो का? मी गुणाजी परबाचा शेजारी, एवढाच माझा गुन्हा! घाटकोपरला भटवाडीत आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये भिंत एकच, तीही बिल्डरने उपकार केल्यासारखी घातलेली, त्यामुळे पलीकडे गुणाजीने कोणाचा कोथळा काढला की इकडे माझ्या कपातला चहा हलतो. "फाड त्याला! मान धर, मान! अरे पाय काय तोडतोस, पाय तोडून माणूस मरतो काय?"... हे रविवारी सकाळी साडेदहाला, तुम्हाला सांगतो, मी पोह्यांवर लिंबू पिळत असताना! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोलिसांनाच फोन लावणार होतो. बायको म्हणाली, आधी बघून या कोण मेलंय, मग लावा. गेलो. तर गुणाजी बनियनवर, मांडी घालून, मोबाईल दोन्ही हातांत, कानात ती बोंडं खुपसलेली, घामाने निथळतोय, आणि बाजूला रुक्मिणीवहिनी शांतपणे कोलंबी सोलतायत. मला बघून म्हणाल्या, "बसा भावोजी. पाच मिन्टां. आजून दोगे जिते हत."

बसलो. दोघे मेले. एकाचं डोकं उडून तटावरून खाली गेलं, दुसऱ्याला गुणाजीने कुऱ्हाडीने सरळ मधून चिरला, आणि मोबाईल खाली ठेवून मला म्हणाला, चहा घेणार काय?

आता हा माणूस कोण, ते ऐका. वय सत्तावन्न. पवईला काचेची एक मोठी ऑफिसची इमारत आहे, तिच्या गेटवर सिक्युरिटी. सकाळी सात ते संध्याकाळी सात, अठरा वर्षं. गाडी आली की दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली. जन्मात मुंगी मारली नाही हो या माणसाने! झुरळ दिसलं तर वहिनींना हाक मारतो. आणि लोक गेटवर त्याच्याशी कसे वागतात? "ए काका, दिसत नाही का, उघड ना!" "ए काका, झोपलास काय?" सातव्या मजल्यावरचा एक जण तर फोनवर बोलता बोलता त्याच्या पायावरून चाक घेऊन गेला, खाली उतरला, चाकाला काही झालं नाही ना ते बघितलं आणि निघून गेला. गुणाजी काय म्हणाला? येस सर. अठरा वर्षांत हे दोनच शब्द. त्या संध्याकाळी मात्र भिंतीपलीकडे अशी कत्तल झाली, अशी झाली, की मी टीव्हीचा आवाज वाढवला. नऊ मेले. वहिनी म्हणाल्या, आज पाय सुजलाय ना ह्यांचा, म्हणून नऊ. एरवी तीन-चारांवर भागतं.

तरी लोक विचारतात, काय मिळतं त्या गेममध्ये!

पण नुसत्या मारामारीचं असतं ना, तर माणूस आठ दिवसांत कंटाळला असता. मारामारी काय, पाण्याच्या टँकरपाशी उभे राहा, फुकट बघायला मिळते. खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कुडाळकडून सुरू होते, म्हणून जरा थांबा. गुणाजीच्या गावात जत्रेला दशावतार. म्हणजे देवळापुढे नाटक, हातात लिहिलेलं काही नाही, राजा झालेल्याने राजासारखं बोलायचं, राक्षस झालेल्याने राक्षसासारखं, जे सुचेल ते! राजा व्हायचा बाळा मेस्त्री. डोक्यावर मुकुट, गालाला लाली, नुसता हुंकार दिला तरी पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची. आणि सकाळी हाच बाळा बाजारात दुसऱ्याच्या नारळांचं पोतं डोक्यावर घेऊन चाललेला. कोकणात म्हणच आहे ना, राती राजा नि सकाळी डोक्यार बोजा. आणि आमचा गुणाजी काय व्हायचा? द्वारपाल! हातात भाला, अंगात कोणाचातरी जुना कोट, आणि अख्ख्या नाटकात एकच वाक्य: "महाराज, द्वारी कोणी आले आहे." नऊ वर्षं हे एकच वाक्य! मग राक्षस यायचा, द्वारपालाला लाथ घालून आत शिरायचा, आणि शेवटी राजा सिंहासनावरून गरजायचा की द्वार सोडणाऱ्या द्वारपालाला क्षमा नाही, हाकलून द्या याला वेशीबाहेर. लोक टाळ्या वाजवायचे, गुणाजी भाला टाकून पळायचा. दाराशी उभं राहून राहून त्याला राजाचं एकूण एक भाषण पाठ झालं. पण मुकुट कोणी दिला नाही. मग मुंबईला आला, आणि मुंबईने काय केलं? परत द्वारपाल! कोट तेवढा बदलला.

तर असा हा माणूस एक दिवस गेटवर उभा असताना, तिथल्या टपरीपाशी ऑफिसची पोरं चहा पीत गेमबद्दल बोलत होती. त्यांच्यात एल्टन. एल्टन म्हणजे गुणाजीचा साहेब, इमारतीची सगळी व्यवस्था बघतो, मरोळच्या गावठाणातला मुलगा, वय एकोणतीस, तसा मनाने वाईट नाही, पण साहेब झाला ना! तो म्हणत होता, आपल्या टोळीत सगळे आहेत यार, तीर मारणारे आहेत, जखमा भरणारी फ्लेविया आहे, पण ढाल नाही. ढाल म्हणजे काय, तर दरवाज्यात सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा. सगळ्यांचा मार त्याने एकट्याने खायचा, हलायचं नाही, कुरकुरायचं नाही, मेला तर दहा आकडे मोजून परत उठायचं आणि परत मार खायचा. असला बावळट कोण मिळणार, असं एल्टन म्हणाला. आणि गुणाजी मनात म्हणाला, अरे, मी अठरा वर्षं दुसरं काय करतोय?

घरी येऊन हर्षदला, म्हणजे पोराला, गळ घातली. हर्षदने गेम मोबाईलवर टाकून दिला, नाव काय ठेवू विचारलं. गुणाजीने क्षणभरही विचार केला नाही. राजा रुद्रसेन! आणि शिरला त्या टोळीत. टोळीचं नाव पवई पलटण, माणसं वीस, सगळी त्याच इमारतीतली नाहीतर त्यांच्या ओळखीची. याला सगळे माहीत, हा कोणालाच माहीत नाही. आवाजावरून कसं ओळखलं नाही, विचारा ना! अहो, त्याचा आवाज ऐकलाय कोणी? गेटवर नुसतं खालमानेने येस सर. आणि इथे कानात बोंडं घालून तो बोलायला लागला तो थेट बाळा मेस्त्रीच्या आवाजात, पोटातून, "सैनिकहो! सावध असा!" पोरं हादरली. त्यांना वाटलं, कोणीतरी मोठा माणूस आहे, नाटक-सिनेमातला.

आणि पहिल्याच लढाईआधी गुणाजीने काय करावं? गाऱ्हाणं घातलं! आता मालवणी माणूस नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय म्हैससुद्धा विकत घेत नाही, तो किल्ला कसा घेईल? वीस जण हत्यारं उपसून उभे, समोर शत्रू, आणि याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हंयसर जमली हत, तेंच्या वाटेत जो कोण आडवो येतलो, तेची मुंडी धडावेगळी कर रे म्हाराजा!" सगळे गप्प. मग गुणाजीने खास राजाच्या आवाजात समजावलं की प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, नाहीतर देव ऐकत नाही. आणि म्हणाले हो! गुजराती पोरगा म्हणाला, केरळची एक मुलगी म्हणाली, एल्टनने आधी छातीवर क्रूस काढला आणि मग म्हणाला, व्हय म्हाराजा! "तेचे हात खांद्यातसून उखड रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! "तेचा रगात गटारातसून व्हाव दे रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा! आणि त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, त्यांनी अशी काही कापाकापी केली की समोरचे बत्तीस जण चटणीसारखे वाटले गेले. झालं! त्यानंतर गाऱ्हाण्याशिवाय लढाई नाही आणि रुद्रसेनाशिवाय गाऱ्हाणं नाही. महिन्याभरात गुणाजी टोळीचा राजा.

आता चित्र बघा. सकाळी नऊला एल्टन गाडीतून येणार, काच खाली न करता बोट हलवणार, गुणाजी दांडा वर करून म्हणणार, येस सर. आणि संध्याकाळी आठला तोच एल्टन म्हणणार, "राजे, मी डावीकडून घुसू का? तुम्ही म्हणाल तसं." चौथ्या मजल्यावरची ती फ्लेविया, जिने अठरा महिन्यांत गुणाजीकडे मान वळवून बघितलं नाही, ती संध्याकाळी सांगणार, राजे, तुमचं रक्त खूप गेलंय, मागे या, मी बांधते. रुक्मिणीवहिनींनी हे ऐकलं आणि कोयता जरा जोरात आपटला. म्हणाल्या, माझ्या लग्नाक तेहेतीस वर्षां झाली, माका कधी इचारल्यान नाय रगात किती गेला. पण रागावल्या नाहीत. कारण माणूस घरी हसायला लागला होता ना. सुरमई कापताना स्वतःहून सांगायला लागला, मान इथून तोड, एका घावात जाते.

सगळं छान चाललं होतं. मग तो शुक्रवार आला.

किल्ल्याची मोठी लढाई एरवी रविवारी असते. पण गेमवाल्यांनी कुठल्याशा देशात बसून ठरवलं, या वेळी शुक्रवारी संध्याकाळी पाचला. गुणाजी पाचला कुठे? गेटवर! इकडे मुलुंडची टोळी चालून येणार, तिचा म्होरक्या स्वतःला कवटीफोड म्हणवतो, त्याने गेल्या महिन्यात पलटणीच्या सहा जणांची कातडी सोलून तटावर वाळत घातलेली. ढाल नसेल तर किल्ला जाणार, नक्की जाणार. गुणाजी पाच वाजेपर्यंत तळमळला. पाच वाजून दोन मिनिटांनी त्याने दांडा खाली केला, कुलूप घातलं, आणि जनरेटरच्या शेडमागे मोडक्या खुर्च्यांमध्ये जाऊन बसला. अठरा वर्षांत पहिल्यांदा गेट सोडलं, आणि कशासाठी सोडलं? गेट राखायला!

मग जे काही झालं ते, तुम्हाला सांगतो, लहान मुलं असतील तर कान झाका. घाईघाईत गाऱ्हाणं झालं, आणि दरवाज्यात रुद्रसेन एकटा. पहिला आला, त्याचा जबडा ढालीने फोडला. दुसरा आला, त्याला उचलून तिसऱ्यावर आपटला. चौथ्याने भाला मांडीत घुसवला, गुणाजीने तोच भाला मांडीतून उपसून त्याच्या घशात घातला. मेला, दहा मोजले, उठला. परत मेला, परत उठला. फ्लेविया ओरडतेय, राजे, मागे या. हा कसला येतो! एल्टन खाली पडलेला, कवटीफोड त्याच्या छातीवर पाय देऊन घण उगारतोय, आणि गुणाजी एक हात तुटलेला असताना दुसऱ्या हातातली कुऱ्हाड अशी फेकतो की कवटीफोडाची कवटी... फुटलीच! मधोमध! किल्ला वाचला. वर चौथ्या मजल्यावर पॅन्ट्रीत एल्टन टेबलावर उभा राहून नाचला म्हणे. आणि शेडमागे गुणाजी मोडक्या खुर्चीवर बसून रडला.

बरोबर त्याच वेळी, पाच वाजून दहा मिनिटांनी, खऱ्या गेटवर कोण आलं असेल? कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब! दिल्लीहून! हॉर्न वाजवला, कोणी नाही. अजून वाजवला, कोणी नाही. मागे गाड्यांची रांग. शेवटी ड्रायव्हरने कुलूप दगडाने फोडलं, साहेब स्वतः उतरले, दांडा कसा उचलतात ते ड्रायव्हरला दाखवायला गेले, दांडा अर्धा वर गेला, आणि सुटला. साहेबांच्या टकलावर! असं टेंगूळ आलं की टोपी बसेना. अख्ख्या दिवसात खरी मारामारी तेवढी एकच झाली, आणि तीही साहेबांचीच.

साहेबांनी एल्टनला उभा-आडवा झाडला. सोमवारी सकाळी दहाच्या आत निर्णय पाहिजे, तो माणूस ठेवायचा की काढायचा, तू ठरव. एल्टनने गुणाजीला बोलावून विचारलं, काका, कुठे होतात? आता काय सांगणार? साहेब, तुमच्या छातीवरचा पाय काढायला गेलो होतो, असं सांगणार? मान खाली घातली. येस सर.

शनिवारी गुणाजी जेवला नाही. दोन वर्षं राहिली होती रिटायर व्हायला. सत्तावन्नाव्या वर्षी कोण गेटवर उभा करतो? आणि काढला तर गावात सांगायचं काय, की अठरा वर्षं दार राखलं आणि एकदा सोडलं?

रविवारी संध्याकाळी सहाला पलटण जमली, विजयाची सभा म्हणून. भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू येत होतं, कारण हर्षदने त्या दिवशी आवाज बाहेर लावला होता. सगळ्यांनी राजांचं कौतुक केलं. आणि मग एल्टन जरा चाचरत म्हणाला, "राजे, एक विचारू? गेमचं नाही, ऑफिसचं आहे. तुम्ही सांगाल तसं करीन मी, खरंच."

आणि त्याने सांगितलं. आमच्या गेटवर एक म्हातारा काका आहे, अठरा वर्षं आहे, कधी चुकला नाही, शुक्रवारी गेट सोडून गेला, साहेबाला लागलं. माझं मन होत नाही ओ राजे. मेमो देऊन सोडून द्यावं असं वाटतं. पण डोकं चालत नाही. तुम्ही सांगा.

 इकडे मी भिंतीला कान लावून. माझी बायको माझ्या मागे. रुक्मिणीवहिनींनी गॅस बंद केला. एक शब्द हो! सोडून दे, म्हणायचं! काय जड होतं? पोरगा तर सोडायलाच बसला होता, त्याला फक्त धक्का पाहिजे होता!

पण तुम्ही गुणाजीच्या जागी बसून बघा. दरबार भरलाय. मुकुट डोक्यावर आहे. समोर सैन्य शांत उभं आहे, आणि न्याय मागायला प्रकरण कोणाचं आलंय? द्वार सोडणाऱ्या द्वारपालाचं! नऊ वर्षं, अहो नऊ वर्षं हे भाषण त्याने खाली उभं राहून ऐकलंय, एक एक शब्द पाठ आहे, आणि म्हणायची पाळी आज पहिल्यांदा आलीय! त्याने श्वास घेतला.  आणि आवाज आला, पोटातून, थेट बाळा मेस्त्रीचा: "ज्या राज्याचा द्वारपाल द्वार सोडतो, ते राज्य एका दिवसात बुडते! द्वारपालास क्षमा नाही! हाकलून द्या त्याला वेशीबाहेर!"

काय म्हणावं! वीसच्या वीस जण एका सुरात: व्हय म्हाराजा!

मग गुणाजीला कळलं. कळलं की काय बोललो. मला भिंतीतून कळलं की त्याला कळलं. तोंड उघडलं त्याने, थांबा म्हणायला. पण तेवढ्यात फ्लेविया म्हणाली, असा राजा पाहिजे. आणि एल्टन म्हणाला, राजे, तुमच्यामुळे निर्णय घेता आला, नाहीतर मी भित्रा आहे. आता शब्द मागे घेणार? राजा शब्द मागे घेत नाही. द्वारपाल घेतो. गुणाजीने तोंड मिटलं आणि मोबाईल उपडा ठेवला.

रुक्मिणीवहिनींनी विचारलं, "तुमी कोणाक काढलास?"

गुणाजी म्हणाला, "माका."

सोमवारी पावणेदहाला एल्टन स्वतः गेटवर आला. गाडीतून नाही, चालत. गुणाजीच्या डोळ्याला डोळा देईना. म्हणाला, "काका, माझ्या मनात नव्हतं ओ. पण काय करू? वरून ऑर्डर आहे." आणि आमचा गुणाजी! त्याने टोपी नीट केली, टाचा जुळवल्या, आणि असा सॅल्यूट ठोकला की टपरीवाला बघत राहिला. घरी आल्यावर मला म्हणाला, "वाईट वाटला. पण सत्तावन वर्षांत पयल्यांदाच मी कायतरी सांगितलंय नि कोणीतरी ता दुसऱ्या दिवशी धाच्या आत केल्यान."  मी आपला चहा घेतला.

आणि संध्याकाळी परत बसला हो खेळायला! म्हटलं, अरे, लाज वाटत नाही का, ज्याने काढलं त्याच्याबरोबर खेळतोस? म्हणाला, तेनी खंय काढल्यान, मीच काढलंय. आणि दरवाज्यात उभा राहायला दुसरा कोण आहे तिथे? पोरं वाट बघतायत. बरोबर आठला गाऱ्हाणं घातलं, सात जणांची आतडी काढली, दोघांना तटावरून फेकलं, सगळं नेहमीसारखं. मोबाईलचा आवाज आजही बाहेरच लावलेला, आणि लढाई संपल्यावर एल्टनचा आवाज आला, अगदी हळू. म्हणाला, राजे, तुमचा हुकूम पाळला. पण आज नवीन माणूस ठेवला गेटवर, दुपारी दोनला झोपला. "तो काका बरा होता ओ राजे. खरंच बरा होता."

अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हणालं.  पलीकडे वीस जण राजाच्या शब्दाची वाट बघत होते, इकडे आम्ही दोघं भिंतीला कान लावून. आणि मग एरवी जे नेहमी बाकीच्यांनी म्हणायचं, ते गुणाजी म्हणाला. गेटवरच्या आवाजात. खालमानेने.

"व्हय म्हाराजा."